ग्रामण्य, गावकी आणि संप : पनवेल परिसरातील धर्म व राजकारण यांच्या संबंधाची मीमांसा

१

पनवेल तालुक्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहणाऱ्या अभ्यासकास एक विसंगती प्रथमदर्शनीच जाणवते. हा प्रदेश आचारविचारांत रूढिप्रिय म्हणून ओळखला जातो. ग्रामदेवतेची पालखी, नवस, हरिनाम सप्ताह, जातीची पंचायत आणि गावकीचा शब्द यांना येथील खेड्यांच्या जीवनात मोठे स्थान राहिले आहे. परंतु याच प्रदेशाने १९३० साली चिरनेर येथे सरकारी गोळीबार सोसला. याच जिल्ह्यात १९३३ पासून कुळांचा संप सहा वर्षे टिकला. आणि स्वातंत्र्योत्तर काळात, मार्क्सवादी विचारसरणी सांगणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारांस येथील मतदाराने अनेक दशके निवडून दिले. जो समाज धर्माचारात परंपरेस धरून राहतो तोच राजकारणात इतका बंडखोर कसा होतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिल्या उत्तराप्रमाणे धर्म ही राजकारणाची प्रेरणा होय. श्रद्धावान माणूस अन्यायाविरुद्ध अधिक निष्ठेने उभा राहतो. दुसऱ्या उत्तराप्रमाणे धर्म हे केवळ आवरण होय. आर्थिक हितसंबंधांची जाणीव झाली की ते गळून पडते. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्या बुडाशी एकच गृहीतक आहे. धर्म म्हणजे व्यक्तीच्या मनातील श्रद्धा, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. खेड्यातील धर्म हा मात्र श्रद्धेइतकाच अधिकाराचाही प्रश्न आहे. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणत्या पाणवठ्यावर कोणी पाणी भरावे, कोणाच्या लग्नास जावे आणि कोणाच्या प्रेतास खांदा द्यावा, याचा निर्णय करण्याचा आणि तो मोडणाऱ्यास वाळीत टाकण्याचा हा अधिकार होय. या प्रदेशात धर्म आणि राजकारण यांची गाठ पडली ती प्रामुख्याने याच अधिकाराच्या ठिकाणी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या अधिकाराच्या इतिहासावर मराठीत एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला गेला आहे, आणि त्याचा लेखक पनवेलचाच होता. म्हणून विवेचनाचा आरंभ त्या ग्रंथापासून करणे सोयीचे होईल.

२

केशव सीताराम ठाकरे, म्हणजे पुढे ‘प्रबोधन’ पत्रामुळे प्रबोधनकार म्हणून प्रसिद्ध झालेले लेखक, यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे झाला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीसंबंधी इतिहासाचार्य राजवाडे यांनी केलेल्या लेखनास उत्तर म्हणून त्यांनी १९१८ मध्ये ‘कोदण्डाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहिले. पाठोपाठ १९१९ मध्ये ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’ हा ग्रंथ आला. ‘नोकरशाहीचे बंड’ असे त्याचे दुसरे नाव आहे.

ग्रामण्य म्हणजे एखाद्या व्यक्तीस अथवा ज्ञातीस धर्माधिकारापासून दूर सारण्यासाठी समूहाने चालविलेली कारवाई. पेशवाईत आणि त्यानंतर छत्रपती प्रतापसिंहांच्या काळी साताऱ्यास कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त कर्माधिकाराविरुद्ध जी ग्रामण्ये झाली त्यांचा हा इतिहास आहे. विषय एका ज्ञातीचा असला तरी ग्रंथाची पद्धत त्याहून व्यापक आहे. धर्मशास्त्रातील वाद म्हणून ज्या प्रकरणांकडे पाहिले जात होते त्यांत दरबारातील पक्षोपपक्ष, पदांची चढाओढ आणि कारभारावरील पकड यांचे डाव कसे गुंतलेले होते, हे ठाकरे यांनी दाखविण्याचा प्रयत्न केला. ग्रंथाच्या दुसऱ्या नावातील ‘नोकरशाही’ हा शब्द या दृष्टीने सूचक आहे. प्रायश्चित्त, शुद्धी आणि बहिष्कार हे शब्द सत्तेच्या भाषेत वाचावयास त्यांनी मराठी वाचकास शिकविले, ही या ग्रंथाची खरी कामगिरी होय.

तथापि ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. ग्रामण्य हे एका विशिष्ट वर्गाचे, म्हणजे भिक्षुकशाहीचे, शस्त्र आहे असे ठाकरे यांचे निदान आहे. १९२१ मध्ये त्यांनी ‘भिक्षुकशाहीचे बंड’ या नावाचे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या प्रकरणांचा ते अभ्यास करीत होते त्यांच्यापुरते हे निदान लागू पडते. कारण तेथे वाद वरिष्ठ ज्ञातींच्या दर्जाचा होता आणि निर्णय देणारे शास्त्रीपंडित होते. परंतु या निदानातून असा निष्कर्ष सहज निघतो की, भिक्षुकाचे वर्चस्व हटले म्हणजे ग्रामण्यही संपेल. हा निष्कर्ष पनवेलच्या आणि एकंदर कुलाबा जिल्ह्याच्या पुढील इतिहासावर ताडून पाहिला असता टिकत नाही. भिक्षुकाचे वर्चस्व पुष्कळ अंशी हटले. वाळीत टाकण्याचा अधिकार मात्र राहिला. तो कोणाच्या हाती गेला आणि कसा, हे पाहिले पाहिजे.

३

पेशवाईत बहिष्कार आणि शुद्धी हे विषय राज्यसत्तेच्या कक्षेबाहेरचे नव्हते. वाळीत पडलेल्यास पुन्हा पंक्तीस घेण्यासाठी ब्रह्मसभेच्या निर्णयाबरोबर सरकारच्या आज्ञेचीही गरज पडे. ही व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे. परंतु जातीच्या निर्णयावर एक वरिष्ठ सत्ता होती आणि तिच्याकडे दाद मागता येत होती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमाने दिवाणी न्यायालयांस जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. जात आणि अब्रू यांस बाध आल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा तेवढा ऐकून घेण्याची मुभा राहिली. रयतेच्या धर्मात ढवळाढवळ नको हा या धोरणाचा हेतू होता. त्याचा व्यवहारातील परिणाम असा झाला की, जातीचा निर्णय हाच अखेरचा निर्णय ठरला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जातिबहिष्कृताचा वारसाहक्क सुरक्षित केला. वडिलोपार्जित शेत आता न्यायालयाच्या आधारे राखता येत होते; पण विहिरीचे पाणी, न्हाव्याचा वस्तरा, सुईणीची मदत आणि स्मशानातील खांदा यांपैकी एकही गोष्ट न्यायालय देऊ शकत नव्हते.

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्यास आपण खेड्याची सनातन स्वायत्तता म्हणतो ती बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील राज्यव्यवस्थेची निर्मिती आहे. रूढी प्राचीन असतील. त्यांवर अपील नसणे ही गोष्ट मात्र तितकी प्राचीन नाही. धर्म आणि राज्य यांची फारकत करण्याच्या हेतूने इंग्रजांनी जो प्रदेश मोकळा सोडला त्यावर गावकी आणि जातपंचायत यांचे राज्य बसले. पुढे जे जे राजकारण खेड्यात आले त्यास या राज्याशी व्यवहार करणे भाग पडले.

पनवेलपुरते पाहता प्रशासनाचा बदलही येथे नोंदला पाहिजे. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेलचे वर्णन ठाणे जिल्ह्यात आढळते. १८८३ मध्ये पनवेल तालुका उरण महालासह कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. जिल्ह्याची नावे आणि सीमा बदलल्या. पनवेल शहरास १८५२ मध्येच नगरपालिका मिळाली होती. पण खेड्यातील माणसाचा दैनंदिन संबंध ज्या सत्तेशी येत होता ती गावकीचीच सत्ता होती.

४

धर्म म्हणजे श्रद्धा हे गृहीतक तपासण्यासाठी पनवेलजवळील शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे उदाहरण उपयोगी आहे. फडके हे दत्तोपासक होते. त्यांची धर्मनिष्ठा दिखाऊ नव्हती. उठाव फसत चालला असता ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री गेले आणि तेथे आत्मचरित्र लिहिले, ही गोष्ट त्यांच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते. राजकारणाची प्रेरणा धर्मश्रद्धेतून येते असे मानणाऱ्यांस यापेक्षा उत्तम उदाहरण मिळणार नाही.

परंतु या उठावाचा भूगोल निराळेच काही सांगतो. फडके यांस साथ मिळाली ती प्रामुख्याने रामोश्यांची, आणि त्यांचा पहिला छापा फेब्रुवारी १८७९ मध्ये घाटावरील धामारी गावी पडला. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या नेतृत्वाखालील टोळी कोकणात उतरली आणि तिने पनवेलनजीकचे पळस्पे व चिखली येथे छापे घातले. शिरढोणहून पळस्पे अगदी जवळ आहे. तरीही फडके यांच्या जन्मभूमीतील गावे या बंडात गाव म्हणून सामील झाली नाहीत. थोड्याच दिवसांत दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये फडके पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे बंदिवासात त्यांचा अंत झाला.

श्रद्धेची तीव्रता हीच जर राजकीय शक्तीचे मूळ असती, तर शिरढोणच्या परिसरात १८७९ साली त्या शक्तीचे काही प्रत्यंतर दिसावयास हवे होते. फडके यांजपाशी श्रद्धा होती, धैर्य होते, रामोश्यांची टोळीही होती. गावकी त्यांच्यापाशी नव्हती. आगरी, कोळी आणि कुणबी कुळांचे जे संघटित जीवन खेड्यात होते त्याच्याशी त्यांच्या बंडाचा सांधा जुळला नाही. १८७९ आणि १९३० या दोन सालांची तुलना केली असता या सांध्याचे महत्त्व स्पष्ट होते. त्या तुलनेपूर्वी मात्र १९२७ कडे वळले पाहिजे. कारण ज्यांच्यावर गावकीचे शस्त्र चालत होते त्यांनी त्याचा विचार कसा केला, हे त्या वर्षी जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाड येथे दिसून आले.

५

रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठ्यांसंबंधीचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. ठराव कागदावरच राहिला. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास भरले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी घेतले. वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठून प्रतिनिधींस मारहाण झाली. मागाहून १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाला.

या घटनांचे वर्णन अनेकदा झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली शब्दाची. १९२४ मध्ये स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ या दोहोंच्या नावात गावकीने दिलेल्या शिक्षेचेच नाव आहे. ते नाव लपविण्याऐवजी राजकीय पक्षाची ओळख म्हणून पुढे करण्यात आले. दुसरी गोष्ट सहकाऱ्यांची. महाडच्या कार्यात सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे दोघे कायस्थ प्रभू ज्ञातीचे होते, म्हणजे ज्या ज्ञातीविरुद्धच्या ग्रामण्यांचा इतिहास ठाकरे यांनी लिहिला तिचेच. परंतु मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. आणि तळ्यावरून परतणाऱ्यांवर हल्ला करणाऱ्या जमावात केवळ ब्राह्मण नव्हते. ब्राह्मणांस वगळावे या अटीवर जेधे आणि जवळकर यांनी देऊ केलेला पाठिंबा डॉ. आंबेडकरांनी नाकारला, ही घटना येथे मोलाची ठरते. ब्राह्मण्य हे एका जातीचा गुणधर्म नसून ते सर्व जातींत पसरलेली वृत्ती आहे, ही त्यामागील भूमिका ठाकरे यांच्या निदानाच्या एक पाऊल पुढे जाते.

तिसरी गोष्ट उपायाची. कायस्थ प्रभूंच्या ग्रामण्यांत वाद एका ज्ञातीस वरचा दर्जा असण्या-नसण्याचा होता. दर्जा मान्य झाला की वाद मिटत होता आणि दर्जा ठरविणारी व्यवस्था तशीच राहत होती. महाडचा वाद दर्जाचा नव्हता. दर्जा ठरवून पाणी बंद करण्याचा जो अधिकार, तोच तेथे नाकारण्यात आला. गोलमेज परिषदेपुढे डॉ. आंबेडकरांनी जी राजकीय संरक्षणाची योजना ठेवली तीत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि तिचा नमुना ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. ज्यांच्यावर शस्त्र चालते त्यांस त्या शस्त्राचे स्वरूप अधिक अचूक कळते, असाच याचा अर्थ होय.

६

महाडनंतर तीन वर्षांनी २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. उरण हा त्या वेळी पनवेल तालुक्याचा महाल होता आणि चिरनेर हे त्यातील गाव. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्यात अंत झाला. हुतात्म्यांच्या नावांवरून पाहता त्यांत आगरी, कोळी, कातकरी आणि न्हावी अशा निरनिराळ्या समाजांतील माणसे होती.

फडके यांच्या बंडाशी तुलना केली असता फरक लगेच दिसतो. येथे गावेच्या गावे डोंगरावर गेली. रान बंद झाले म्हणजे गुरांची चराई, सरपण आणि कातकऱ्यांचे पोट ही तिन्ही बंद होतात. हे दुःख साऱ्या गावाचे होते, आणि गाव एकत्र आणण्याचे साधन गावापाशी आधीच होते. एका घराने मागे राहणे हे गावकीच्या व्यवस्थेत सोपे नसते. काँग्रेसच्या कार्यक्रमातही दारूचे गुत्तेदार, परदेशी कापडाचे व्यापारी आणि सरकारचे साहाय्यक यांच्यावरील बहिष्कारास स्थान होतेच. शेजाऱ्याचा व्यवहार तोडण्याची क्रिया खेडुतास नवीन शिकावी लागली नाही. तिचा विषय तेवढा बदलला.

आयर्लंडशी तुलना येथे उद्बोधक ठरते. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी व्यवहार तोडला, आणि त्याच्या नावावरून इंग्रजीत बहिष्काराचा शब्द रूढ झाला. तेथे शब्द जमिनीच्या लढ्यातून जन्मला. मराठीत क्रम उलट आहे. बहिष्कार हा शब्द प्रथम धर्माधिकाराचा होता. स्वदेशी चळवळीने १९०५ पासून त्यास राजकीय अर्थ दिला. त्यामुळे मराठी खेड्यात बहिष्काराची हाक गेली तेव्हा तिच्याबरोबर पंक्ती आणि प्रायश्चित्त यांचा जुना धाकही गेला.

हे साधन सर्वांत परिणामकारक ठरले ते चरीच्या संपात. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सभा होऊन खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. सुमारे २५ गावे त्यात सामील झाली आणि संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळीवर गुजराण केली. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीस आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनीही चरीस भेट दिली. १९३९ चा कुळकायदा आणि पुढे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा या लढ्याशी जोडलेले आहेत.

या संपाचे विवेचन वर्गसंघर्ष म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या विवेचनात एक प्रश्न सुटून जातो. कुळाने जमीन सोडली तर खोताजवळ साधा उपाय असतो: दुसरे कूळ आणणे. सहा वर्षे जमीन पडून राहिली, याचा अर्थ सहा वर्षे दुसरे कूळ आले नाही. उपासमारीच्या काळात एकही घर फुटू नये, शेजारच्या गावातील जातभाईनेही ती जमीन कसावयास घेऊ नये, हे केवळ आर्थिक हिताच्या जाणिवेने साधत नाही. कारण ज्याच्या घरी दाणा नाही त्याचे तात्कालिक आर्थिक हित फुटण्यातच असते. येथे संपकऱ्यांची संख्या आणि आगरी समाजाची संख्या बहुतांशी एकच होती. सोयरीक, मर्तिक, जत्रा आणि संप या साऱ्यांची माणसे तीच होती. संप मोडणे म्हणजे समाजातून उठणे, असे समीकरण अशा ठिकाणी आपोआप तयार होते. धर्माचे आवरण गळून पडल्यामुळे संप टिकला असे म्हणण्यापेक्षा, धर्माने ज्या समूहास आकार दिला होता तो समूहच संपावर गेला, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

७

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचा वारसा शेतकरी कामगार पक्षाकडे आला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाची वैचारिक मांडणी मार्क्सवादी होती. त्याच्या नेतृत्वाची मुळे मात्र ब्राह्मणेतर चळवळीत होती. पनवेलमधून दि. बा. पाटील हे १९५७ पासून पाच वेळा विधानसभेवर निवडून गेले, आणि पुढे लोकसभेतही त्यांनी या भागाचे प्रतिनिधित्व केले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना ही या लढ्याची फलश्रुती होय.

येथेही संघटनेचा घटक व्यक्ती नव्हता, गाव होता. सभेस गाव येत असे, मोर्चास गाव जात असे, आणि पुष्कळदा मतही गावाचे म्हणून ठरत असे. डाव्या पक्षास रूढिप्रिय प्रदेशात इतका दीर्घकाळ आधार कसा मिळाला, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यात सापडते. पक्षाने गावकीस विरोध करून आधार मिळविला नाही. गावकीच्या आधारावर तो उभा राहिला. आपल्या लढ्याची पायरी म्हणून त्याने ज्या संस्थेचा उपयोग केला तीच संस्था सुधारण्याचे काम त्यास त्यामुळे करता आले नाही. ही टीका एका पक्षावर नाही. १९३० मध्ये काँग्रेसची स्थिती हीच होती, आणि आज जे पक्ष या भागात आहेत तेही गावाचे एकगठ्ठा मत मिळविताना याच दाराने आत जातात.

या व्यवहाराची किंमत कोणी दिली हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१३ नंतरच्या काही वर्षांत रायगड जिल्ह्यातून कुटुंबे वाळीत टाकल्याच्या अनेक फिर्यादी पुढे आल्या आणि हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फिर्यादींतील कारणे पाहिली असता धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ उघड होते. कोठे विवाह हे कारण होते, कोठे देवळाच्या जागेचा अथवा उत्सवाचा वाद होता, तर कोठे गावकीच्या इच्छेविरुद्ध ग्रामपंचायतीची निवडणूक लढविणे हाच अपराध ठरला होता. शिक्षा मात्र सर्वांस सारखीच: बोलणे बंद, दुकान बंद, लग्नकार्य बंद, आणि पुन्हा आत घेण्यासाठी दंड. या प्रकरणांत भिक्षुकाचा मागमूसही नव्हता. ठाकरे यांनी वर्णन केलेले ग्रामण्य शास्त्रीपंडितांवाचून पूर्ण चालू राहिले होते.

८

राज्यसत्तेने १८२७ मध्ये सोडलेला अधिकार परत घेण्याचा प्रयत्न स्वतंत्र भारतात दोनदा झाला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र कायद्याच्या बाजूने होते. धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. दुसरा प्रयत्न महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याचा. तो जुलै २०१७ पासून अमलात आला; त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद आहे. रायगड जिल्ह्यातील फिर्यादी हे या कायद्यामागील एक निकटचे कारण होते.

१९६२ चा निर्णय आणि २०१६ चा कायदा यांच्या दृष्टींतील फरक हा प्रस्तुत विषयाचाच गाभा आहे. पहिल्यात बहिष्काराकडे धर्माची बाब म्हणून पाहिले गेले. दुसऱ्यात तीच क्रिया सत्तेची बाब म्हणून हाताळली गेली. ठाकरे यांनी १९१९ मध्ये ज्या दृष्टीने ग्रामण्य वाचले ती दृष्टी कायद्यात उतरावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. मात्र या कायद्यानेही एक अडचण उरते. संप करणाऱ्या गावाने फुटीर घराशी व्यवहार तोडला आणि निवडणूक लढविणाऱ्या घराशी गावकीने व्यवहार तोडला, या दोन कृतींत बाह्यतः भेद नाही. एकीचे पोवाडे आपण गातो आणि दुसरीस गुन्हा म्हणतो. हा भेद हेतूवरून करावयाचा तर प्रत्येक गावकी आपला हेतू गावाच्या हिताचाच असल्याचे सांगेल.

भेदाची कसोटी हेतूत न शोधता बाहेर पडण्याच्या वाटेत शोधणे अधिक योग्य ठरेल. ज्या संघटनेतून माणूस पाण्यास, प्रेतयात्रेस आणि सोयरिकीस न मुकता बाहेर पडू शकतो ती राजकीय संघटना होय. ज्या संघटनेतून बाहेर पडल्यास या तिन्ही गोष्टी जातात ती, तिचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो, ग्रामण्यच होय. या कसोटीवर चरीचा संपही अखंड निर्दोष ठरणार नाही, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. खोतापाशी जमीन, सावकारी, कचेरी आणि पोलीस होते. कुळापाशी गावकीखेरीज काही नव्हते. परंतु विपन्न समाजाने नाइलाजाने हाती घेतलेले शस्त्र म्हणजे त्याची आदर्श समाजव्यवस्था नव्हे. महाडच्या तळ्यावर आलेल्यांनी हे ओळखले होते. त्यांच्या वाट्यास गावकीचा आधार कधी आला नव्हता, केवळ तिची शिक्षा आली होती. आणि म्हणूनच या जिल्ह्यातील चळवळींपैकी गावकीच्या आधारावाचून उभी राहिलेली चळवळ त्यांचीच.

पनवेल ऑक्टोबर २०१६ मध्ये महानगरपालिका झाले आणि तालुक्यातील अनेक गावांची शेते इमारतींखाली गेली. गावकीचा आर्थिक पाया जो शेती, तोच सरकत असताना तिचा धार्मिक आणि राजकीय अधिकार कोणते रूप घेतो, हे पाहण्याची संधी येथील अभ्यासकास लाभली आहे. त्यासाठी गावकीच्या जमाखर्चाच्या वह्या, दंडाच्या नोंदी, देवस्थानांचे हिशेब आणि २०१७ नंतरचे खटल्यांचे कागद एकत्र वाचावे लागतील. आंदोलनांचा इतिहास एका विभागात आणि धर्माचा दुसऱ्या विभागात अभ्यासला जातो तोवर ही सामग्री दोन्हीकडून निसटत राहील.